चार वाजून सतरा मिनिटं

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत राजानंद हिवाळे नावाचा माणूस आहे. कंपनीत त्याला सगळे नंबरवाले सर म्हणतात. आधी त्याला ते फार आवडायचं. आता आवडत नाही, पण म्हणणाऱ्यांना हे माहीत नाही, कारण त्यानं ते कुणाला सांगितलेलं नाही. न सांगणं ही विद्या तो तशी उशिरा शिकला, पण शिकला ती चांगली पक्की.

त्याचं गाव कुंभार पिंपळगावपासून दोन कोसांवर. वडील सर्जेराव शेतमजूर होते. स्वतः चौथी शिकलेले, पण दिवस मावळला की पोराला समोर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे आणि अडखळला की ती ओळ पहिल्यापासून म्हणायला सांगायचे. राजानंद बारावीत असताना ते गेले. मग आई, कांताबाई, हिनं त्याला जालन्याला पाठवलं, मस्तगडात खोली करून दिली आणि कॉम्प्युटरची पदवी होईपर्यंत एकदाही परत ये म्हणाली नाही. हे सगळं तिनं केलं ते एका चिमट्याच्या जोरावर.

मिरचीचं संकरित बी आपोआप होत नाही. शेडनेटमध्ये बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात, मादी झाडाची न उमललेली कळी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढतात, नराचा पराग लावतात आणि त्या फुलाला रंगीत दोरा बांधतात. दिवसाला अशी हजारभर फुलं. ज्या मिरचीला दोरा नाही ती आपोआप धरलेली, म्हणजे आपल्या कामाची नाही, ती तोडून फेकायची. एक जरी राहिली तरी तिचं बी सगळ्यात मिसळतं. या सगळ्या कामाला आपल्याकडे क्रॉसिंग म्हणतात. कांताबाईनं दुसऱ्यांच्या शेडमध्ये चौदा हंगाम क्रॉसिंग केलं. तिच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चिमट्याचे घट्टे आहेत, आणि भाकरी थापताना ते अजून परातीवर वाजतात.

त्यामुळे राजानंदला कंपनीत नोकरी लागली तेव्हा तो नुसता ऑपरेटर म्हणून लागला नाही, बी कशानं होतं हे ठाऊक असलेला माणूस म्हणून लागला. निदान त्याची स्वतःची समजूत तशी होती.

तेव्हा कंपनीत नंबरांचा नुसता खेळखंडोबा होता. जिल्ह्यात कंपनीची सहा संकलन केंद्रं. शेतकरी आपलं बी तिथं आणणार, त्याचं वजन होणार, त्यातलं मूठभर पाकिटात भरून तपासायला जालन्याला येणार. प्रत्येक केंद्र आपलं एकपासून नंबर द्यायचं. भोकरदनचा चाळीस नंबर आणि पिंपळगावचा चाळीस नंबर प्रयोगशाळेच्या टेबलावर शेजारी शेजारी बसायचे आणि मग फोनाफोनी, भांडणं, शिव्या. सगळ्यांनी जालन्याला विचारून नंबर घ्यावा म्हटलं तर खेड्यात नेट असेल तर असेल.

राजानंदनं यावर तोड काढली, आणि ती खरोखर देखणी होती. नंबर घड्याळातून काढायचा. वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट आणि शेवटी केंद्राचे दोन आकडे. कुणी कुणाला विचारायचं नाही. सहा मशीन सहा ठिकाणी आपापलं घड्याळ बघून नंबर देतील आणि जगाच्या अंतापर्यंत दोन नंबर सारखे येणार नाहीत, कारण गेलेलं मिनिट परत येत नाही, आणि एका काट्यावर एका मिनिटात दोन लॉट काही मोजून होत नाहीत. शिवाय नंबर बघितला की लॉट कधी आला, कुणाच्या आधी आला, कुणाच्या मागून आला, सगळं कळतं. पाकिटावर शेतकऱ्याचं नाव घालायचं नाही हाही त्याचाच आग्रह. नाव दिसलं की ओळखपाळख दिसते, जात दिसते. नंबराला यातलं काही नसतं. हे त्यानं मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मॅनेजर राधेश्यामजींनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, बिलकुल सही.

सर्जेराव असते तर त्यांना ही गोष्ट त्यानं सविस्तर सांगितली असती. ते नव्हते, म्हणून त्यानं ती आईला सांगितली. कांताबाईला त्यातलं एवढंच कळलं की लेकानं असं काही केलं आहे की गरिबाचं बी आणि मोठ्याचं बी एका मापानं मोजलं जाईल. तिनं ते वस्तीत सगळीकडे सांगितलं.

त्यानं मशीनमध्ये एक कुलूपही घातलं होतं. घड्याळ शेवटच्या नंबराच्या मागं गेलं, तर मशीन नंबर द्यायचं नाही, अडून बसायचं. दोन वर्षं हे बरं चाललं. मग एका हंगामात भोकरदनच्या मशीनची आतली बॅटरी मेली, घड्याळ भलतीकडे गेलं आणि मशीन अर्धा दिवस अडून बसलं. बाहेर पन्नास शेतकरी पिशव्या घेऊन उन्हात उभे. कुणीतरी केंद्राची काच फोडली. राधेश्यामजी म्हणाले, हिवाळे, तुमचं हे कुलूप काढा, लोक दाराशी थांबतात आणि तुमचं मशीन रुसतं हे चालणार नाही. राजानंदनं सहाही मशीनमधलं कुलूप काढलं. नाही म्हणता आलं असतं. पण त्या वर्षी त्याला कायम करायचं पत्र निघणार होतं, आणि अशा वेळी माणसाला साहेबाचं म्हणणं नेहमीपेक्षा जरा जास्तच पटतं.

मग ती एकतीस जानेवारी आली. बी घेण्याची शेवटची तारीख. संध्याकाळी पाच वाजले की मशीन त्या हंगामापुरतं बंद होणार, हा नियमही राजानंदनंच घातलेला. साडेसहाच्या सुमारास आईचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ तातेराव, म्हणजे राजानंदचा मामा, पिंपळगावच्या केंद्रावर उभा होता आणि त्याचं बी घेत नव्हते. गाडी पंक्चर झाली म्हणे. गाडी पंक्चर झाली नव्हती. मामा अंबडला एका साखरपुड्याला गेला होता आणि जेवणावळीत रमला होता, हे राजानंदला आईच्या आवाजावरूनच कळलं. मामानं त्या वर्षी पहिल्यांदा शेडनेट घातलं होतं आणि तेही असंच, कामं बायांवर टाकून आणि बाया मुकादमावर टाकून. पण वडील गेल्यावर हाच मामा पोत्यानं ज्वारी आणून टाकायचा. ते काही खोटं नव्हतं.

केंद्रावरचा कारकून कडूबा हा साधा माणूस. राजानंदनं त्याला फोन लावला.

"कडूबाभाऊ, गाडी गेली का पाकिटं घेऊन?"

"न्हाई ना सर. तिचीच वाट पाहून राह्यलो."

"मंग असं करा. मशीनचं घड्याळ चारवर न्या, मामाचं बी घ्या आन् घड्याळ परत जागेवर आणा. पाच मिनिटाचं काम हाय."

चालतंय का तसं, असं कडूबानं विचारलं. मी सांगतो ना, असं राजानंद म्हणाला. हे तीन शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारले की नंतर कितीतरी दिवस त्याला ते आठवलेच नाहीत.

कडूबानं घड्याळ चारवर नेलं. ओल तपासली, वजन केलं, मूठभर बी पाकिटात भरलं, पिशवीवर मार्करनं मामाचं नाव लिहिलं, कारण ही त्याची जुनी सवय होती. बटण दाबलं तेव्हा मशीनच्या घड्याळात चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. त्याच दिवशी, खऱ्या चार वाजून सतरा मिनिटांनी, त्याच काट्यावर दैवशाला नावाच्या बाईचं बी मोजलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या कॉम्प्युटरवर एक लाल ओळ आली. एक नंबर, दोन नावं. बाकी कुणाला ती दिसायच्या आत राजानंदला दिसली. घाबरून जावं असं काही नव्हतं, कारण दुरुस्ती हातात होती. त्यानं आदल्या दिवसाच्या यादीत एक रिकामं मिनिट शोधलं. चार वाजून एकोणसाठ. ते मिनिट त्यानं मामाच्या नावावर लावलं. पिशव्यांवर नावं होतीच, त्यामुळे तिथं घोळ नव्हता. कडूबाला नवा नंबर सांगितला, त्यानं मामाच्या पिशवीवर नवं लेबल लावलं. लाल ओळ गेली.

राहिली पाकिटं. ती प्रयोगशाळेत पोचली होती आणि त्यांच्यावर नाव नव्हतं.

प्रयोगशाळा राजानंदच्या टेबलापासून दोनशे पावलांवर आहे. तो चालत गेला असता, दोन्ही पाकिटं हातात घेतली असती, तर कदाचित कागदाच्या घडीवरून, कडूबाच्या हस्ताक्षरावरून काहीतरी कळलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, सर, तुम्ही इकडे कसे? त्यानं फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, हो सर, एका नंबराची दोन पाकिटं आहेत, मी विचारणारच होते. त्यांतलं एक नंतरचं आहे, त्याच्यावर नवा नंबर चिकटवा, असं त्यानं सांगितलं. नंतरचं कोणतं, त्यांनी विचारलं. दोन्हींवर एकच वेळ आहे.

हा प्रश्न त्याच्या नंबराला आजवर कुणी विचारला नव्हता. कोण आधी आणि कोण नंतर हे सांगण्यासाठीच तर तो नंबर जन्माला घातला होता. राजानंदनं विचार केला की मामाचं पाकीट सगळ्यांत शेवटी थैलीत पडलं असणार, म्हणजे ते वर असणार.

"वरचं," तो म्हणाला.

बाईंनी ढिगातलं जे वर होतं त्याच्यावर नवा नंबर चिकटवला. पाकिटं शेतात पेरायला गेली. अशा बियाची रोपं करतात, झाडं मोठी झाली की एकेक झाड मोजतात आणि शंभरात किती भलती निघाली ते बघतात. तीन-चार महिने लागतात. तोवर राजानंद निवांत होता, किंवा कामात होता. दोन्ही एकच.

मे महिन्यात निकाल आले. त्या हंगामात पिंपळगाव केंद्रावर सगळ्यांत शुद्ध बी तातेराव मामाचं निघालं. दोनशे झाडांत भलतं झाड फक्त एक. आणि दैवशालाबाईच्या दोनशे झाडांत एकोणीस भलती. नापास. नियमाप्रमाणे तिचं बी कंपनी नष्ट करणार आणि पुढच्या वर्षीपासून उत्पादकांच्या यादीतून तिचं नाव कमी होणार.

राजानंदनं मामाची शेड बघितली होती. डिसेंबरात गेला होता तेव्हा बिनदोऱ्याच्या मिरच्या झाडाझाडाला लटकत होत्या आणि कांताबाईनं स्वतः पदर खोचून दोन ओळी साफ केल्या होत्या, भावाला चार शब्द ऐकवले होते. त्या शेडमधून दोनशेत एक? निकालाचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला. तो उठला आणि या वेळी मात्र ती दोनशे पावलं चालत गेला. प्रयोगशाळेतल्या बाईंना त्यानं सहज विचारावं तसं विचारलं की केंद्रांकडून पाकिटं आली की तुम्ही ती थैलीतून कशी काढता. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. काढायची कशाला सर, त्या म्हणाल्या, थैली टेबलावर उपडी करतो.

थैली उपडी केली की तळातलं वर येतं. एवढंच होतं ते. वर होतं ते दैवशालाबाईचं पाकीट, आणि त्याच्यावर मामाचा नवा नंबर चिकटला होता.

इथून पुढं राजानंदला काय करायचं होतं हे अगदी लख्ख होतं. गोदामात दोघांच्याही पिशव्या नावानिशी होत्या. दोन्हींतून मूठमूठ बी पुन्हा काढायचं, पुन्हा पेरायचं. तीन महिन्यांत सगळं समोर आलं असतं. फक्त ते का करायचं हे सांगावं लागलं असतं. घड्याळ कुणी मागं नेलं? कडूबानं. कुणाच्या सांगण्यावरून? मग मामा, मग आईचा फोन, मग काढलेलं कुलूप, मग त्या लाल ओळीची गुपचूप दुरुस्ती.

तो गावाकडे गेला. आईला सांगून मोकळं व्हावं आणि ती म्हणेल तसं करावं असं त्यानं बसमध्ये ठरवलं होतं. ती काय म्हणेल हेही त्याला माहीत होतं. ती म्हणाली असती, ऊठ, आत्ताच चल, आणि मग तिनं त्याला हाताला धरून कंपनीत नेलं असतं. पण घरात मामा बसला होता. कंपनीनं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता आणि तो फोटो हातोहात फिरत होता. कांताबाई म्हणत होती, मी याला उगाच बोलले, याच्या हाताला यश हाय. मामानं भाच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, सगळं तुमच्यामुळं भाचेबुवा, त्या दिवशी तुम्ही नसता तर. राजानंद जेवला आणि शेवटच्या गाडीनं परत आला.

मग त्यानं कडूबाला फोन केला. कदाचित कडूबा घाबरेल, गयावया करील, मग आपल्याला त्याच्यासाठी गप्प बसता येईल, अशी त्याला आतून आशा होती. कडूबानं तेवढीही मदत केली नाही.

"तुमी सांगसाल तसं सांगतो मी सर," तो म्हणाला. "खरं सांगा म्हणसाल तर खरं सांगतो. माझं काय, मी काटा धरणारा माणूस."

स्पष्टच बोलायचं तर राजानंद मामासाठी थांबला नाही, आईसाठी नाही आणि कडूबासाठी तर नाहीच नाही. तो स्वतःसाठी थांबला. नोकरीच्या अकरा वर्षांत त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू झाली होती आणि ती म्हणजे तो नंबर. नंबर चुकतो असं एकदा म्हटलं की मग नंबरवाला सर उरतो कुठं? असं माणूस मनात बोलत नाही. मनात तो म्हणतो, मामाला काय वाटेल, कडूबाची नोकरी जाईल, बिचारा. दुसऱ्याची काळजी हा भित्र्या माणसाचा फार आवडता सदरा आहे.

जूनमध्ये दैवशालाबाई स्वतः जालन्याला आली. चाळिशीची बाई, काटक, नवरा नाही. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या शेडमध्ये क्रॉसिंग करून तिनं दहा गुंठ्यांत स्वतःची पहिली शेड उभी केली होती. राधेश्यामजींनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ते काही वाईट माणूस नव्हते. आणि नंबराचा विषय निघाला म्हणून राजानंदला बोलावून घेतलं.

ती रडली नाही की आवाज चढवला नाही. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावती काढून टेबलावर ठेवली. तिचं म्हणणं थोडकं होतं. बिनदोऱ्याची एकही मिरची मी ठेवली नव्हती, रोज संध्याकाळी स्वतः फिरत होते. तेव्हा हे बी माझं नसेल, कुणाचं तरी अदलाबदल झालं असेल. माझी पिशवी गोदामात आहे, तिच्यातून पुन्हा बी काढून पेरून बघा. तोवर जाळू नका, एवढंच.

राधेश्यामजींनी तिला समजावलं की नंबराबद्दल शंका असेल तरच फेरतपासणी होते. आणि एका नंबराबद्दल शंका घेतली तर त्या हंगामातले सव्वाचारशे लॉट शंकेत येतात. बाहेरचे खरेदीदार या नंबरावर विश्वास ठेवून माल उचलतात. पण त्यांनाही बाईचा चेहरा बघून कुठंतरी खटकलं असावं, कारण ते राजानंदकडे वळले आणि म्हणाले, "हिवाळे, तुम्ही नंबर बनवलाय. एक नंबर दोन लॉटना लागू शकतो का? जरा जरी शक्यता असेल तरी आत्ता सांगा. मी जाळणं थांबवतो."

इतका सरळ दरवाजा माणसापुढं क्वचित उघडतो. बाई राजानंदकडे बघत होती. पावती धरलेल्या हाताच्या अंगठ्याला चिमट्याचा घट्टा होता, आणि तो त्यानं पाहिला.

"न्हाई," राजानंद म्हणाला. "एक नंबर दोनदा येत न्हाई."

ऑफिसात तो एरवी 'नाही' असं शुद्ध बोलतो. त्या दिवशी तोंडातून घरची भाषा आली, आणि तीच बाईला पटली असावी.

तिनं पावती परत पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "सर म्हणून राह्यले म्हंजी तसंच असंल. माझ्यासंगं क्रॉसिंग केलेल्या कांताबाईचे लेक हायत ते, माझ्याशी कामून खोटं बोलतील. मंग माझ्याच हातानं कुठं राह्यलं असंल."

तिनं बी जाळायच्या संमतीच्या कागदावर सही केली. अक्षर चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोदामामागच्या खड्ड्यात नापास बी जाळलं. उत्पादकानं हजर राहावं असा नियम आहे, म्हणून ती रात्री नातेवाइकांकडे राहून सकाळी आली होती. मिरचीचं बी पेटलं की त्याचा धूर घशाला लागतो. आवारातले सगळे खोकत होते, राधेश्यामजींनी खिडक्या लावून घेतल्या. दैवशालाबाई पदर नाकाला लावून शेवटपर्यंत उभी होती. वर आपल्या टेबलाशी राजानंदला ठसक्यावर ठसके येत होते आणि शेजारच्यानं त्याला पाणी आणून दिलं. मामाच्या नावचं बी मात्र पाकिटांत भरून कधीच बाजारात गेलं होतं. ते कुणाकुणाच्या शेतात उगवलं आणि त्यांनी कुणाला शिव्या दिल्या, हे आता कोण शोधणार.

त्या आठवड्यात राजानंदनं सहाही मशीनमध्ये ते कुलूप पुन्हा घातलं. कुणाला विचारलं नाही. आता कुणी घड्याळ मागं नेलं तर मशीन अडून बसतं, आणि अडून बसलं तरी या वेळी तो ते काढणार नाही. राधेश्यामजींना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याचं कौतुकच केलं.

सप्टेंबरात मामाला कंपनीनं आणखी दहा गुंठ्यांचं काम दिलं. शेड वाढली तशा क्रॉसिंगला बाया हव्या झाल्या आणि चांगल्या हाताच्या बाया मिळणं काही सोपं नाही. राजानंद एका रविवारी आईला भेटायला गेला होता, तर मामा त्याला हौसेनं शेड दाखवायला घेऊन गेला. आत बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. चौथ्या ओळीत दैवशालाबाई होती, चिमटा हातात, गळ्यात लाल दोऱ्यांची गुंडी. तिची स्वतःची शेड रिकामी पडली होती. कंपनीच्या यादीत नाव नसलं की नर-मादीची रोपं मिळत नाहीत, आणि रोपं नसतील तर जाळी उभी असून काय करायची?

"लय चोख काम हाय बाईचं," मामा म्हणाला. "अशा बाईचं बी फेल कसं झालं कोण जाणे."

राजानंदला वाटलं, तिला आपण दिसू नये. पण तिनं मान वर केली, ओळखलं आणि पाठ सरळ करून उभी राहिली. त्याला नमस्कार केला. मामानं कौतुकानं बघितलं.

"सर, बरं झालं तुमी त्या दिवशी साफ सांगितलं," ती म्हणाली. "न्हाईतर मी जल्मभर कंपनीलाच नावं ठेवत बसले असते. मला वाटायचं माझ्या हातानं चुकतच न्हाई. आता एकेक फूल दोन-दोन डाव बघून राह्यले."

"बघत जा," राजानंद म्हणाला, आणि मामा चहाला बोलावत होता म्हणून त्याच्या मागं निघाला.